चालवणारा धरून

शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बोटींच्या आवारातल्या बाईंनी विचारलं, "किती जण आहात तुम्ही?" आणि त्याने सांगितलं, "पाच. एक जण आज नाहीये." बाईंनी हातातल्या कागदावर पाचाचा आकडा लिहिला. त्याचे वडील त्याच्या मागे दोन पावलांवर उभे होते.

घडलं ते एवढंच. कुणी चमकून बघितलं नाही, आणि पहिलं मिनिटभर त्याच्या स्वतःच्याही काही लक्षात आलं नाही. आकडा तोंडात तयारच होता, विचारल्यावर बाहेर आला. वडिलांचा तळवा तेव्हा राखाडी पट्ट्याच्या बोटीच्या कडेवर होता. विकत घ्यायच्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, जरा दाबून. 'पाच' ऐकल्यावर तो हात तिथून निघाला. हे त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, की नंतर रात्रंदिवस तेच ते उगाळताना मनानेच तिथे नेऊन ठेवलं, हे त्याला आता सांगता आलं नसतं. दुसरी गोष्ट मात्र पक्की होती. ते पाच कोण, हे त्याला माहीत होतं. तो, बायको, तेरा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. सासूबाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या. "अंघोळीच्या बादलीत वाकून बघितलं तरी मला गरगरतं, तुमच्या त्या होडक्यात मी पाय ठेवणार नाही," असं त्यांनी फोनवर लेकीला सांगून टाकलं होतं. म्हणजे जी येणार नाही म्हणाली तिला त्याने मोजलं होतं, आणि जो येऊन मागे उभा होता तो मोजण्यात नव्हता.

मोजणं हाच त्याचा धंदा होता. तो लिफ्टची तपासणी करत असे. इमारती-इमारतींतून फिरायचं, खोक्यात लोखंडी वजनं चढवायची, दोर, ब्रेक, दारं बघायची, आणि आतल्या पितळी पट्टीवर जो आकडा आहे तो खरा आहे की नाही ते लिहून द्यायचं. बोट घ्यायची हा विचार बायकोचा. पोरं रविवारभर आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसतात, गावाबाहेर एवढा मोठा तलाव आहे, निदान चार तास सगळी एका जागी तरी बसतील, असं तिचं म्हणणं. "पाण्यात कुठे पळून जातील?" ती म्हणाली होती. तेव्हापासून तीन आठवडे तो वहीत दोन रकाने आखून बसला होता. दोन्ही बोटी एकाच कारखान्यातल्या, एकाच वर्षाच्या, दोन्ही अठरा फुटी, दोन्ही पांढऱ्या, किंमतही उन्नीस-बीस. एकीला निळा पट्टा, एकीला राखाडी. निळीला मागे लोळायला गादी, राखाडीला त्या जागी आडवं बाक. निळीचं इंजिन जरा दांडगं, त्यामुळे मागे दोराला हवेचा टायर बांधून त्यावर पोरांना ओढायचं तर निळीच. राखाडी अंगाने रुंद, वळायला जड. सुकाणूशेजारी प्रत्येकीवर एक पट्टी ठोकलेली. किती माणसं बसू शकतात त्याचा आकडा. निळीवर पाच, राखाडीवर सात. वहीत हा आकडा त्याने अगदी पहिल्याच ओळीत लिहिला होता, आणि तीन आठवडे त्याला निळीच्या पाचात काही कमी आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. म्हणजे शनिवारी जीभ घसरली असंही म्हणायची सोय नव्हती. तीन आठवडे रोज तो तेच मोजत होता.

"आधी निळी बघू," बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, घाईच्या पण गोड बोलणाऱ्या बाई होत्या. "तुम्हाला मापात बसते. आत्ता तुम्ही चौघं आणि चालवायला मी, झाले पाच." मग वडिलांकडे नजर गेल्यावर त्यांनी आवाज जरा उतरवून त्याला विचारलं, "हे तुमच्याबरोबरच ना?"

"हो, बरोबर आहेत," तो म्हणाला.

वडील आहेत असं म्हणायला काही जास्त वेळ लागला नसता.

"मग काका, तुम्ही जरा दोर धराल?" बाईंनी दोर फेकला. वडिलांनी तो न बघता झेलला, धक्क्यावरच्या खुंटाला दीड वेढा दिला, आणि सगळी बसेपर्यंत बोट अशी धरून ठेवली की धाकट्याने उडी मारली तरी ती बोटभर हलली नाही. "सवय दिसते तुम्हाला," बाई म्हणाल्या. "थोडी," वडील म्हणाले. सत्तावीस वर्षं नदीच्या या काठावरून त्या काठाला लाँच नेणारा माणूस 'थोडी' म्हणाला, आणि मुलगा इंजिनावरची माहिती वाचत राहिला. पुढची वीस मिनिटं त्याला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. पेट्रोलचा वास, मांड्यांखाली थरथरणारी नवी गादी, थोरलीची किंकाळी, केस तोंडावर येत असताना हसणारी बायको. ती इतकी मोकळी हसलेली त्याने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती, आणि तिच्याकडे बघावं म्हणून मान वळवली तर तिच्या खांद्यापलीकडे धक्का दिसला. धक्का लहान लहान होत होता. वडील दोराची गुंडाळी हातात घेऊन, पाय फाकवून उभे होते. धक्का सिमेंटचा, तो हलत नव्हता. तरी ते हलत्या फळीवर उभं राहावं तसेच उभे होते. तेव्हा त्याने मनात पुन्हा मोजलं, आणि या वेळी आकडा सहा आला.

राखाडीच्या वेळी बाई म्हणाल्या, "या काका, हिच्यात जागा आहे." बायकोही म्हणाली, "बाबा, या ना." वडील म्हणाले, "नको. दोर सोडायला कुणीतरी हवंच."

परतताना गाडीत धाकट्याने निळीचा जयजयकार चालवला होता. टायर, टायर आणि टायर. थोरली मागून एकदम म्हणाली, "पण बाबा, आपण पाच कसे? आजी धरून आपण सहा आहोत ना?" ती मुद्दाम बोलली नव्हती, तिला गणित जुळत नव्हतं इतकंच. धाकटा सीटच्या पट्ट्याची कळ लावत-काढत होता. मग मधल्या सीटवरून वडील म्हणाले, "अगं, चालवणारा मोजत नाहीत. आमच्या लाँचवर चाळीस म्हणजे चाळीस माणसं. मी त्यात नव्हतोच कधी. तुझ्या बापाने बरोबर सांगितलं, त्याने स्वतःला सोडून मोजलं."

"हो का बाबा?" थोरलीने त्याला विचारलं.

"हो," तो म्हणाला.

बायको खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिने नळ सोडला, पेले विसळायला घेतले, आणि नळाच्या आवाजाखाली म्हणाली, "तू आणि स्वतःला सोडून मोजणार?"

"अगं, चुकून गेलं."

"तू माझ्या आईला धरलंस. मला कळलं तेव्हाच. मला बरं वाटायला हवं होतं, नाही?" तिने पेला पालथा घातला. "बाबांनी तुला हात दिला आणि तू लगेच धरलास. विचारसुद्धा केला नाहीस रे."

हे तिने बरोबर पकडलं होतं. 'पाच' हा शब्द बेसावधपणाचा म्हणता आला असता, 'हो' हा नव्हता. 'हो' म्हणताना त्याला आरशात वडिलांचा अर्धा चेहरा दिसत होता. तो चेहरा शांत होता, सराईत होता, आणि तो सराईतपणाच त्याला त्या रात्रीपासून टोचत होता, कारण तो त्याच्या ओळखीचा होता. लाँचवर माणसं मोजायची एक रीत होती. वडील चढायच्या फळीशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला नाहीतर खांद्याला दोन बोटं लावत आणि मोठ्याने आकडा म्हणत. धक्क्यावरचा कारकून त्याचा त्याचा वेगळा मोजत असे. शेवटी दोघं आपापला आकडा एकदम ओरडत, आणि दोन्ही जुळले तरच दोर सुटे. नाही जुळले तर सगळे खाली, पुन्हा पहिल्यापासून. कारखान्याचा भोंगा व्हायला पाच मिनिटं असताना माणसं वडिलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, वडील म्हणत, "शिव्या पलीकडे गेल्यावर द्या, आत्ता डोकं पुढे करा." सत्तावीस वर्षांत एक माणूस पाण्यात गेला नाही. मुलगा बारा वर्षांचा असताना त्याला पलीकडच्या काठावरच्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला आणि तो रोज त्याच लाँचने जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात वडिलांनी त्याच्या डोक्याला बोटं लावून आकडा म्हटला आणि हसले. मागे वर्गातला एक मुलगा होता, चष्म्याच्या दुकानवाल्याचा. त्याने विचारलं, "हा लाँचवाला तुला ओळखतो का रे?" आणि तो म्हणाला, "आमच्या गल्लीत राहतो." वडील हातभर अंतरावर होते. दुसऱ्या दिवशी ते हसले नाहीत. त्याच्या डोक्याला दोन बोटं लागली, "एकोणीस", आणि हात पुढच्या डोक्यावर गेला. आवाज पुढच्या-मागच्यांना होता तोच, तसूभर वेगळा नाही. असं चार वर्षं चाललं. घरी संध्याकाळी दोघं एकाच खोलीत जेवत, वडील अभ्यासाचं विचारत, कधी कान पिळत, पण लाँचवर ओळख नाही हा करार कुणी न बोलताच झाला होता आणि त्यांनी तो एकदाही मोडला नाही. आपल्याला तेव्हा वाईट वाटत असेल असं त्याने मोठेपणी कितीदा तरी धरून चाललं होतं. वाटायला हवं होतं. पण नीट आठवायला बसलं की आठवे ते वेगळंच. दोन बोटं डोक्यावरून उठून पुढे गेली की त्याला हायसं वाटे. त्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटे, आपल्या गल्लीत राहणाऱ्या एखाद्या समजूतदार गृहस्थाबद्दल वाटावी तशी.

पुढे पूल झाला, लाँच बंद पडली. आई गेल्यावर आठ महिन्यांपूर्वी वडील त्याच्याकडे राहायला आले, इस्त्रीच्या खोलीत. तिला अजून सगळे इस्त्रीची खोलीच म्हणत. इस्त्रीचं टेबल कोपऱ्यात तसंच होतं, ते हलवायचं राहूनच गेलं होतं, आणि वडिलांनी त्यावर आपले कपडे घड्या घालून ठेवले होते, पाहुण्याने ठेवावेत तसे, एका बाजूला, उरलेली जागा मोकळी सोडून.

सोमवारी तो एका जुन्या कचेरीची लिफ्ट तपासायला गेला. लोखंडी जाळीच्या दाराची, लिफ्टमन असलेली, आता अशा थोड्याच उरल्या होत्या. आतल्या पट्टीवर लिहिलं होतं: आठ व्यक्ती, लिफ्टमन धरून. असल्या शेकडो पट्ट्या त्याने वाचल्या होत्या. वजन वजनच असतं, चालवणाऱ्याचं काही वेगळं नसतं. त्याच्या धंद्यात चालवणारा कायम धरलेला असे. लिफ्टमनने स्टुलावर बसल्या बसल्या पट्टीकडे बोट केलं. "धरून म्हणतात साहेब. पण गर्दी झाली आणि लिफ्ट हलेना की पहिला मलाच उतरवतात. म्हणतात, तू जिन्याने ये." स्वतःच्या विनोदावर तो इतका हसला की त्याला खोकला आला. तपासनीसही हसला, शिष्टाचार म्हणून. मग वर यंत्राच्या खोलीत जाऊन, दार लोटून, वजनांच्या पेटीवर पाच-सात मिनिटं नुसता बसून राहिला. खाली कुणीतरी घंटी वाजवत होतं. उद्याच्या दिवसात कळवा, असा बाईंचा निरोप फोनवर आला होता. आणखी एक कुटुंब बघून गेलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी तो इस्त्रीच्या खोलीत गेला. वडील खुर्चीवर बसून, पायाखाली वर्तमानपत्र पसरून नखं काढत होते.

"कोणती ठरली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"अजून नाही."

"निळी घे. राखाडी वळताना पोट टाकते, जड जाते, मी धक्क्यावरून बघत होतो ना. आणि पोरांचा जीव निळीवर आहे."

"बाबा, परवा तिथे मी..."

"चालवणारा मोजत नाहीत. झालं ते."

"मी स्वतःला मोजलं होतं."

नेलकटर थांबलं. वडिलांनी उरलेलं नख अंगठ्याने चाचपून बघितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी मागेच उभा होतो."

वडीलच पुढे म्हणाले, "तुझ्या सासूबाईंना मोजलंस. त्यांना विचारलंस तरी का, येणार का म्हणून?"

"त्या नाही म्हणाल्यात."

"बघ. न येणाऱ्या माणसालासुद्धा जागा राखून ठेवतोस. मोठ्या मनाचा आहेस." त्यांचा चेहरा हसरा नव्हता आणि रागीटही नव्हता. फळीशी उभ्या माणसाचा होता.

"आणि ते शाळेत असताना मी..."

"ते नको काढू आता," वडील म्हणाले. "एका संध्याकाळी एवढं पुरे. दिवा लाव, नखं दिसत नाहीत."

त्याने दिवा लावला. बाहेर पडताना दार ओढायचं की उघडं ठेवायचं हेही त्याला ठरवता येईना. त्याने ते अर्धं लोटलं.

बुधवारी दुपारी त्याने बाईंना फोन केला. बायकोशी बोलणं झालं होतं. ती "राखाडीच" एवढंच म्हणाली होती. एक दिवस उशीर झाला होता, पण दोन्ही बोटी अजून तिथेच होत्या. "राखाडी," तो म्हणाला. "पण तुम्ही पाच म्हणालात ना?" बाईंनी कागद चाळलेला ऐकू आला. "सहा," तो म्हणाला, "माझे वडील आहेत. त्या दिवशी आले होते. दोर धरून उभे होते ते." "अच्छा, ते होय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही कुणाला तरी मदतीला आणलंय." तो "नाही" म्हणाला. 'माझे वडील आहेत' हे म्हणताना त्याला स्वतःचा आवाज आवडला होता, ठाम, मोकळा, चांगल्या मुलाचा. आणि फोन ठेवल्यावर त्या आवडण्याचीच त्याला जास्त लाज वाटली. तीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य आज एका अनोळखी बाईला, चार भिंतींच्या आड, फोनवर सांगून फिटत नाही, हे त्याला कळत होतं. तरी काहीतरी हलकं झालं असं वाटत होतं, आणि ते हलकेपण चोरीच्या मालासारखं जवळ बाळगून तो संध्याकाळी घरी आला.

जेवताना त्याने जाहीर केलं. धाकटा रडायच्या बेतात आला. "का पण? टायरचं काय?"

"रुंद आहे. सुरक्षित आहे," तो म्हणाला.

"खरं सांग ना," थोरली म्हणाली. "आजोबांसाठी घेतलीस?"

या वेळी खरं बोलायचं असं ठरवून तो म्हणाला, "हो. आजोबांसाठी."

"आजोबा तर निळी म्हणत होते," थोरली म्हणाली. धाकट्याने चमचा ठेवला आणि आजोबांकडे बघितलं. नऊ वर्षांच्या पोराला ज्याच्यामुळे टायर गेला त्याच्याकडे जसं बघता येईल तसंच. वडिलांनी पाणी प्यायलं, पेला ठेवला, ताट उचललं. स्वयंपाकघराच्या दारात तो त्यांच्या मागून गेला तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या नावावर कशाला खपवलीस? मी मागितली होती का? आजवर मी कुणाच्या पोराच्या आड आलो नाही."

"मी फक्त खरं सांगितलं, बाबा."

"तुझं खरं तुझ्याजवळ ठेव. मला पोरांपुढे आडवा घालू नकोस." आणि ताट विसळून, पुसून, जागेवर ठेवून ते आपल्या खोलीत गेले. गुरुवारी आणि शुक्रवारी ते नेहमीसारखे बोलले, हवेबद्दल, दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीबद्दल. बिजागरीला त्यांनी तेलही घातलं. शनिवारी बोट ताब्यात घ्यायला सगळ्यांनी दहा वाजता जायचं आहे, असं सुनेने सांगितलं तेव्हा म्हणाले, "बघू."

शनिवारी सकाळी नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी बायको आणि धाकटा गाडीत जाऊन बसले. धाकटा अजून फुगलेला होता, पण त्याने पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवून ठेवला होता. तो स्वतः गाडीची किल्ली हातात घेऊन घराच्या दाराशी उभा राहिला. इस्त्रीच्या खोलीचं दार बंद होतं. आपण जाऊन हाक मारावी, तर ते येतील, आणि आपण हाक मारली म्हणून आले असं होईल. न मारावी, तर आणखी एकदा राहून गेलं असं होईल. दोन्हींत काय फरक आहे ते त्याला तिथे उभं राहून नीट दिसेना. तेवढ्यात थोरली त्याच्या काखेखालून आत घुसली. "काय हे, पुतळ्यासारखा काय उभा राहतोस? थांब, मी बघते," म्हणाली, दार न वाजवता उघडून आत गेली आणि तिने ते मागून लावून घेतलं.

आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. एकदा थोरली हसल्यासारखी वाटली, मग बराच वेळ फक्त वडिलांचा आवाज, सलग, खालच्या पट्टीतला. त्यांना इतकं सलग बोलताना त्याने कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना. गाडीतून बायकोने भुवया उंचावून विचारलं, त्याने हात हलवून थांब म्हटलं. नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत दोघांपैकी कुणीही बाहेर आलेलं नव्हतं.